कानाला चिमटा, तोंडाला कुलूप

लवंगी दिसायला एवढीशी, तोंडाने मात्र तिखट. घरात सासूबाईंपासून धाकट्या दिरापर्यंत सगळे तिला वचकून असत. रुग्णवाहिका मागवायला लोक जिथे फोन करतात, तिथे आम्ही दोघी शेजारच्या खुर्च्यांवर बसायचो. लवंगी हे नाव तिला मीच दिलेलं. पण कानाला फोन लागला की हीच बाई इतकं मऊ बोलायची, की पलीकडचा घाबरलेला माणूस भानावर येई.

वाईट फोन संपला की ती जिन्यात जायची. खिडकीशी उभी राहायची, तोंडावर पाणी मारायची आणि परत यायची. आम्ही सगळेच जायचो. कुणाचा शेवटचा श्वास ऐकल्यावर लगेच "बोला, काय मदत करू?" म्हणायला माणूस काय दगड आहे?

पुढे तिघांनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी माणसं आली नाहीत, डब्या आल्या. डबी गळ्यात अडकवायची, तिच्या तारेचा चिमटा कानाला लावायचा आणि बटण दाबायचं, की कानात मुंग्या येतात.

"कानातल्या नसेवाटे मन शांत होतं," साहेब म्हणाले. "आता जिन्यात जायचं कारण नाही. बटण दाबा, पुढचा फोन घ्या."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

यंत्राशी लवंगीचं भांडण नव्हतं. तिची नणंद बरीच वर्षं उदासीने खचलेली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला असंच एक यंत्र दिलं होतं आणि ती हळूहळू चार माणसांत बसू लागली होती. "तिला आजार आहे, तिला उपचार मिळाला," लवंगी म्हणायची. "मला कसला आजार? माणसं कमी आहेत, हा?"

एका दुपारी एका म्हाताऱ्याचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात कोसळली होती. लवंगीने त्याला छाती दाबायला शिकवलं, त्याच्याबरोबर आकडे मोजले. गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "बाई, फोन ठेवू नका हो," एवढंच तो म्हणत राहिला.

ती उठली. साहेब आडवे आले. "कुठे? चिमटा लावा ना."

"साहेब, मला रडू येतंय. यायलाच पाहिजे."

"रडायचा पगार देत नाही आपण."

लवंगीने गळ्यातली डबी काढून त्यांच्या हातात दिली. "मग लावा तुमच्या कानाला. बसा माझ्या खुर्चीत आणि घ्या एक फोन. एकच."

फोन वाजत होता. साहेब मागे सरकले. फोन मी घेतला. पलीकडच्या माणसाचा काय दोष? लवंगी जिन्यात गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर उद्धटपणाचा ठपका आला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या डब्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि साहेबांच्याही वरच्या मोठ्या मॅडमसमोर जाऊन उभे राहिलो. जिन्यात जायची सुट्टी परत मिळाली. रिकाम्या जागा अजून रिकाम्याच आहेत. आणि लवंगीला पाठवलं रुग्णवाहिकांच्या सामानाच्या गोदामात.

ज्या आवाजाच्या आधाराने माणसं आपल्या माणसांना धरून ठेवत, तो आवाज आज चादरींचे गठ्ठे मोजतोय!

"वहिनी, बरं झालं की," दीर म्हणाला, "निवांत काम मिळालं."

"निवांत काय डोंबल!" लवंगी कडाडली. "माझ्या खुर्चीवर कोण बसलंय, ते विचार. कुणीच नाही."