ताईच्या बेटावरची टिपाडं

लग्नानंतर ताई अंदमानातल्या एका लहानशा बेटावर राहायला गेली. जावईबापू तिथल्या शाळेत शिक्षक. तेव्हापासून आमची आई संभाजीनगरात बसून रोज अंदमानचं हवामान बघते. इथं ऊन आहे की पाऊस, हे तिला वाळत घातलेल्या कुरडया भिजल्यावर कळतं.

त्या वर्षी तिकडच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. बघता बघता त्याचं चक्रीवादळ झालं आणि मोबाइलच्या नकाशावर गरगरत थेट ताईच्या बेटाकडे निघालं. आईनं फोन लावला.

"पाणी भरून ठेव."

"आई, इथं चारी बाजूंनी पाणीच हाय," ताई म्हणाली.

"ते पिता येतं व्हय? टिपाडं भर, हंडे भर, पातेली भर. जावईबापूंना लाव कामाला."

मी कपाळावर हात मारला. आमच्या नळाला पाणी कधीतरी आठवड्यानं येतं, त्यामुळे लग्न असो की मयत, आई आधी टिपाडं भरते. पण वादळाला?

"तिकडं पत्रे उडतील, आन तू पातेली भरायला लावतीस!"

"मग काय करू? वारं माझ्या हातात हाय का?" आई म्हणाली.

वादळ बेटावर चढलं आणि ताईचा फोन बंद झाला. मला फार भीती वाटत होती, म्हणून मी आईवर खेकसत राहिलो. ती उलटून बोलत नव्हती. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी फोन आला. सगळे सुखरूप होते. शाळेचे पत्रे गेले होते, नारळ आडवे झाले होते. समुद्र गावात शिरून विहिरी खारट झाल्या होत्या.

"आख्खी गल्ली आपल्या टिपाडांवर जगली, आई," ताई म्हणाली. "शेजारणी विचारत्यात, तुमच्या गावाला लई वादळं येत्यात का?"

आई हसायला गेली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, "नळ आला!" आमच्या गल्लीत या हाकेला तापानं फणफणलेला माणूससुद्धा उठतो. मी पाइप घ्यायला उठलो, तर आईनं माझा हात धरला आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला. ताई बोलत राहिली.

नळ येऊन गेला. आमची टिपाडं रिकामीच राहिली.