बाईंच्या नळाची धार

ये गं अनघा, इकडे ये, जवळ बस… समोर असतीस तर असंच म्हटलं असतं. तेराव्याला गेलीस ती गेलीसच. फोन केला की "मावशी, कामात आहे, मग करते." ते 'मग' काही येत नाही. आई नाही म्हणून मावशीचं दारही बंद झालं का गं? रागावत नाही मी. रागवायला अंगात जोर लागतो आणि तो आता फारसा उरलेला नाही. पण त्या दिवशी निघताना पायरीवर उभं राहून तू मला एक विचारलं होतंस, आणि मी नुसती तुझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले होते. तेव्हापासून ते मनात घोळतंय. आता लिहूनच काढते. पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर आणखी चार माणसं वाचतील, त्यांनाही तुझी आई थोडी कळेल.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. मालतीबाई, म्हणजे अनघाची आई, माझ्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या, पण आमच्या गल्लीतून कधी रिटायर झाल्या नाहीत. आमची गल्ली भिवंडीतली, एका बाजूला घरं, एका बाजूला पॉवरलूमचे कारखाने. दिवसभर खडखडाट. माझे मालक त्यातल्याच एका कारखान्यात जॉबर, लूम बिघडली की दुरुस्त करायचे. मी घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. शाळा माझी लहानपणीच सुटली, पण वाचायची गोडी होती. वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकला नाही. जे कळायचं नाही ते बाईंच्या ओट्यावर जाऊन विचारायचं. मी त्यांना 'बाई' म्हणायची आणि त्या मला नुसतं 'सुमन'.

तुझा ठाण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. "मावशी, आई गेली." एवढंच बोललीस. हंडा भरून वाहायला लागला होता. आधी काय केलं असेल मी? नळ बंद केला. नाहीतर बाई ओरडल्या असत्या ना… मग खाली बसले.

आणि तेराव्याला तू म्हणालीस, "मावशी, आईनं जन्मभर आरोग्य आरोग्य केलं. उकळलेलं पाणी, हात धुणं, वेळेवर जेवण, वेळेवर तपासण्या. विडी-सिगारेट कुणी ओढली तर दहा हात लांब. आणि फुप्फुसानंच गेली. काय उपयोग झाला त्या आरोग्यशास्त्राचा?"

तू पुण्याला कॉलेजात होतीस तेव्हा आमच्याकडे काविळीची साथ आली होती. माझी सून माझ्या नातीच्या, सायलीच्या वेळी पोटुशी, आणि एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे. मी लगेच काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. आमच्यात मानतात, कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते. शिवाय पूर्णा गावाच्या बाजूला एक माणूस नाकात झाडपाल्याच्या रसाचे थेंब घालायचा, त्यालाही निरोप धाडला. बाईंना कळलं तशा त्या पदर खोचून आल्या.

"सुमन, माळ राहू दे गळ्यात. पण नाकात काही घालायचं नाही. पोटुशी बाई आहे, ही कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते. दवाखान्यात चल."

"बाई, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा. आमच्याकडे सगळे थेंबांनीच बरे झालेत."

"बरं, पुस्तक ठेवते मी माझ्यापाशी. तू आधी चप्पल घाल."

घातली चप्पल. रिक्षात त्यांनी सुनेचा हात सोडला नाही. फार वाईट दिवस गेले गं ते. डॉक्टर समोर आले की आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघायचो. शेवटी मायलेकी दोघी सुखरूप घरी आल्या. सायली आज तुझ्याएवढी उंच झालीय.

मला वाटलं, संपलं. बाईंचं तर तिथून सुरू झालं. घरोघर जाऊन विचारत सुटल्या, तुमच्याकडे कुणाला कावीळ, पाणी कुठलं पिता, नळाला कधी येतं. मी म्हटलं, "बाई, आता बरी आहे ना पोर, कशाला फिरता उन्हातून? आरोग्यशास्त्र म्हणजे डॉक्टरकीच ना, ती डॉक्टर बघतील." तर ओट्यावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी तुझी सून बरी केली, त्यांचं काम झालं. पण ती आजारी पडली कुठून, आणि उद्या तिथूनच दुसरी कुणी पडू नये म्हणून काय करायचं, हे कुणी विचारायचं? तेही आरोग्यशास्त्रच आहे. त्याला डिग्री लागतेच असं नाही, चौकशी लागते."

आणि सापडलं ना त्यांना. आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार थोडाच वेळ. म्हणून प्रत्येकानं लाइनला मोटर लावलेली, आपल्या घरात पाणी जास्त ओढायला. लाइन गटाराच्या कडेनं गेलेली, जागोजागी गंजलेली. बाईंनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि उसाच्या रसाची नळी दाखवली, मुद्दाम भोक पाडलेली. "ही ओढा बघू. रसाबरोबर हवा येते की नाही तोंडात? तसंच आपलं. सगळे मिळून मोटरीनं ओढतो, पाइपाच्या भोकातून गटार आत येतं, आणि तेच आपण पोरांना पाजतो. मोटर एकानं लावली तरी पाणी सगळ्यांचं बिघडतं."

गल्लीतले सलीमभाई मागे उभे होते. म्हणाले, "टीचर, बात तो सही है. लेकिन पहले अपनी तो निकालो!"

अख्खी गल्ली हसली. कारण सगळ्यात मोठी मोटर बाईंच्याच घरात होती, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली. बाई लाल झाल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आत गेल्या, पाना घेऊन आल्या आणि माझ्या मालकांना म्हणाल्या, "भाऊजी, काढा." काढलेली मोटर आत नाही नेली, ओट्यावरच ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. पोरं तिला स्टंप करून क्रिकेट खेळायची. मग हळूहळू इतरांनी काढल्या. सगळ्यांना पटलं म्हणून नव्हे हां, काहींनी लाजेनं, काहींनी बाईंची कटकट नको म्हणून. पाइप बदलून घ्यायला पुढे किती हेलपाटे घातले, ते वेगळंच.

पण माणसं विसरतात. नवा भाडेकरू आला की मोटर लागायचीच. लूमच्या आवाजात ती ऐकू थोडीच येते? म्हणून बाई पाण्याच्या वेळी नळ उघडा ठेवून धारेकडे बघत उभ्या राहायच्या. धार एकदम करंगळीएवढी झाली की समजायचं, कुणीतरी लावली. मग ओट्यावरून हाक, "किसने चालू किया? बंद करो!" पोरं पळायची, "टीचर आ गई, टीचर आ गई…"

आणि ते ओगराळं. बाईंच्या पिंपावर खिळ्याला टांगलेलं असायचं, लांब दांड्याचं, पितळी. पाण्यात हात बुडवायचा नाही, ओगराळ्यानं घ्यायचं. आदिवासी पाड्यावरची बरकी रानभाजी घेऊन यायची, आठवते ना तुला? पहिल्यांदा आली तेव्हा पाणी मागितलं आणि ओंजळ धरून पायरीखाली उभी राहिली. बाईंनी ओगराळंच तिच्या हातात दिलं. ती मागे सरली. बाई म्हणाल्या, "घे गं. हे मलाही लागतं आणि माझ्या अनघालाही. हात काय फक्त तुझेच मळतात?" बरकी पाणी प्यायली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बाय, उकललेल्या पान्याला चव न्हाय." झालं! बाई तिला या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतून दाखवायला लागल्या, असं केलं की चव परत येते म्हणून. बरकी पुन्हा प्यायली. "हां, आता हाय थोडी." किती हसलो होतो आम्ही तिघी.

शेवटचं भेटले ते बाईंना हॉस्पिटलात हलवायच्या आधी. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोलताना दम लागायचा. बाहेर मानकोलीच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न. खिडकीच्या जाळीवर कारखान्यातलं सुताचं तूस बसलेलं, सकाळी पुसलं तरी संध्याकाळी तेवढंच. तुझाच प्रश्न मी त्यांना विचारला होता गं, जरा मऊ करून. म्हटलं, "बाई, एवढं सगळं सांभाळलंत, तरी हे कसं?" जाळीवरच्या तुसाकडे बोट केलं. म्हणाल्या, "पाण्याची मोटर कुठली काढायची ते कळलं, सुमन. हवेची कुठली काढायची… ते शोधायचं राहिलं." डॉक्टरांनीही नेमकं कारण सांगितलं नाही. कशानं झालं ते मी कशी सांगू?

पण अनघा, तुझ्या आईनं जे केलं ते एकट्या स्वतःला सांभाळण्यापुरतं नव्हतंच. एकटीनं कितीही उकळून प्यायलं तरी श्वास सगळ्यांच्या हवेतलाच घ्यावा लागतो. त्या वाचल्या नाहीत आणि सायली वाचली. याची वजाबाकी करून तुझं दुःख कमी होईल असं मी म्हणत नाही. माझंही होत नाही. खरं सांगू, मी थकलेय. बाई गेल्यावर धार बघायला मी उभी राहायला लागले, पण माझे गुडघे साथ देत नाहीत आणि आवाज तर गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचत नाही.

परवा अशीच नळापाशी उभी होते. धार बारीक झाली. अगदी करंगळीएवढी. ओरडायला तोंड उघडलं, तर खोकलाच आला. म्हटलं, जाऊ दे, लावू देत… गेलं ते बाईंबरोबर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एका बाईचा आवाज आला. नवीन भाडेकरू, तिनं तुझ्या आईला पाहिलंसुद्धा नसेल. "अरे कौन है? शरम नहीं आती, टीचर की गली में मोटर लगाता है?"

मी तशीच बघत राहिले. धार थरथरली आणि हळूहळू पुन्हा जाड झाली.

तू विचारलंस ना उपयोग काय झाला, त्यावर माझ्याकडे एवढंच आहे. तू फोनवर म्हणालीस, घरातलं सगळं भंगारात द्या. बाकीचं देईन, ओगराळं नाही देणार. ते तिथेच आहे खिळ्याला. मी रोज तुमच्या घराचं कुलूप काढते, पिंप धुऊन भरते, उगाच. प्यायला कुणी नाही. लवकर ये गं. पाणी यायच्या वेळेला ये, म्हणजे मला जरा बसता येईल आणि धारेकडे तू बघशील.