ओल्या शाडूतला राग

मूठ बसवायला दिलेला कोयता आणायला शिवादादा सुतारांकडे गेलो, तेव्हा ते जुन्या घडणीच्या एका रिव्हॉल्व्हरची शिसवी मूठ घासत होते. रिव्हॉल्व्हर परवान्याचं, एका निवृत्त फौजीचं. बाजूला शाडूचा वाळलेला गोळा होता आणि त्यावर फौजीच्या बोटांचे ठसे.

"माप असंच घेतो," दादा म्हणाले. "ओला गोळा हातात द्यायचा न् सांगायचं, रागानं आवळा. शांत हात वेगळा असतो, चिडलेला वेगळा."

फौजीचे ठसे मात्र उथळ होते, लहान मुलाचं बोट धरावं तसे. लढाईतून आलेल्या हातात एवढाच राग शिल्लक होता!

"बघा तुम्ही पण," म्हणून दादांनी मला ओला गोळा दिला. मी शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. हसतच डोळे मिटले, आणि समोर धाकटा भाऊ आला. आईच्या तेराव्याला भर पंगतीत तो म्हणाला होता, "आईला तूच मारलंस." मिटल्या डोळ्यांआड मी त्याचा गळा धरला. अंगठ्याखाली नरडं मोडलं, डोळे बाहेर आले, तरी मी सोडलं नाही. सोडावंसं वाटलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा माती बोटांच्या फटींतून बाहेर लोंबत होती. मुठीत काहीच उरलं नव्हतं.

दादांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. समोर तयार असलेला माझा कोयता त्यांनी उचलला आणि मागच्या फळीवर ठेवला.

"उद्या न्या," ते म्हणाले.