अंजनाची अळंबी

नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘वहिनींनी नवीन अळंबी शोधली’ असा मजकूर फिरतो आहे. त्यात दोन चुका आहेत, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. अळंबी नवीन जातीची आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. आणि ती मी नाही, माझ्या धाकट्या जावेनं, अंजनानं शोधली.

अंजना सुरतेत, पर्वत पाटिया भागात, साड्यांचे सुटे धागे कापते. डांगच्या जंगलभागात तिच्या लेकीकडे गेली असता सागाखाली तिला जांभळट अळंबी दिसली. “बाई, हाई खावानी नही शे. अशी कधी देखीच नही,” घरी परतल्यावर तिनं फोनवर सांगितलं. मी जन्मभर कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथल्या प्राध्यापिका बुरशींचाच अभ्यास करतात. त्या म्हणाल्या, “लवकर आणा, मावशी. सडली की संपलं.”

अंजनाला घेऊन निघाले. आमच्या भेस्तानहून नवसारी, चिखली, वांसदा करत बसनं वघई, पुढे जीप. अख्खा दिवस हाताशी ठेवा. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, अळंबीला त्यात घाम फुटतो. लेकीकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची डाळ होती. एरवी एक खाणारी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी पाच अळंब्या खणून आणल्या. मी मोजपट्टी शोधेपर्यंत अंजनानं त्या मीठ-हळदीच्या पाण्यात धुऊन, बुंधे खुडून ताटात मांडल्या.

“काय केलंस हे! बुंध्यावरून तर ओळखायची!”

“माटीसंगे कोनले काही देतस का, बाई?”

मी नको ते बोलले. ती जेवली नाही.

सकाळी तिचं अंथरूण रिकामं. गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई एकटीच टेकडी चढून गेली होती. आली ती सागाच्या पानांचा द्रोण घेऊन. आत दोनच अळंब्या, मुठीएवढ्या मातीसकट.

“हात नही लावा मी. देखी ल्या.”

तिच्या नखांत चिखल होता. मी तिचे हात धुतले.

परतताना द्रोण तिच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, “मासी, लाडू छे?”

“नही भाऊ, हाई कॉलेजले चालनी.”

बीजाणू मोजायचे, जगभरातल्या नोंदींशी ताडून पाहायचे. निकालाला महिने लागतील, असं प्राध्यापिकांनी सांगितलं. शोधणाऱ्याच्या रकान्यात त्या माझं नाव घालत होत्या. मी पेन मागून घेतलं.

घरी आल्यावर लोक जंगल कसं होतं विचारतात. हिरवं होतं. मला त्या दोन हातांपलीकडे फारसं आठवत नाही.

कॉलेजात दिलं ते असं: अळंब्या दोन, बुंधा व मातीसह, सागाच्या पानांत. शोधणारी व खणणारी: अंजना, राहणार भेस्तान. सोबत: मोठी जाऊ.