कर्नेल बदललं तरी

दुपारी लाईट आली, घाटनांदूरच्या अभ्यासिकेतले सहाही कॉम्प्युटर सुरू झाले आणि एकावरही नेट लागेना. रुद्राणी एकेक पडदा बघत पुढे सरकली. दारात बबनराव येऊन उभे राहिले. खोली त्यांची, अभ्यासिकेला त्यांनी ती फुकट दिली होती.

"परत जळाल्या का गं त्या वायफायच्या काड्या?"

"जळाल्या न्हाईत, काका."

"मंग? लाईट गेली की नेट जातंय. शनिवारी येतो मी. तवर नीट झालं तर ठीक, न्हाई तर कॉम्प्युटर भंगारात आन् खोलीत सोयाबीनची पोती."

रुद्राणी लातूरला कॉम्प्युटर शिकली, लग्न होऊन इथे आली, आणि शेजारचं नवऱ्याचं किराणा दुकान सांभाळून ही खोली चालवू लागली. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुली इथे येतात. घरातला एकुलता एक मोबाईल आईबापांबरोबर फडावर जातो. मागे राहिलेल्या मुलींचे तास, अर्ज, परीक्षेचा सराव, सगळं या पडद्यांवर.

दोष विजेचा नव्हता. कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. अपडेट आलं की ते अधूनमधून नेटवरून नवं उतरतं आणि गप्प बसून राहतं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की कामाला लागतं. इथले कॉम्प्युटर कुणी बंद करत नसे, ते काम लाईटच करायची. नेट पकडणाऱ्या वायफायच्या काडीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, मात्र बाहेरचा, जुन्या कर्नेलच्या मापाने बनवलेला. नव्याला तो चालत नव्हता.

"ताई, सुरू करताना जुनं कर्नेल निवडू की," बारावीतली मनिषा म्हणाली. "मागच्या बारीला तसंच केलतं."

"आज तेच कर. पाच कॉम्प्युटर जुन्यावर घे. सहावा मला लागंल."

तिचा नवरा मल्लिकार्जुन दुकानातून डोकावला. "अपडेटच बंद करून टाक ना. डोक्याला ताप."

"पोरी इथं पासवर्ड टाकतात. अपडेट म्हंजे दाराचं कुलूप. ते नको म्हणून सांगू का त्यांना?"

"मग बस झगडत. जेवायला तरी ये."

डीकेएमएस नावाची एक सोय असते. ड्रायव्हरचा मूळ कोड कॉम्प्युटरवरच ठेवायचा. नवं कर्नेल उतरलं की ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप पुन्हा बांधला जातो. आजवर रुद्राणी तो हाताने बांधत आली होती. आता तिने ती सोय बसवली, आणि बांधणी मध्येच अडली. चुकांच्या ओळी तिने सावकाश वाचल्या. नव्या कर्नेलमध्ये एका फंक्शनचं, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव बदललं होतं आणि ड्रायव्हर जुन्याच नावाने हाक मारत होता. लग्नात नाव बदललेल्या बाईला सासरी माहेरच्या नावाने बोलावलं, तर ओ कोण देणार? तिने नव्या कर्नेलसाठी नवं नाव लिहिलं, जुन्यासाठी जुनं राहू दिलं. पुन्हा चूक. पुन्हा वाचन. दुसऱ्या दिवशी बांधणी शेवटपर्यंत गेली. मग तिने बाकीचे कॉम्प्युटरही तसेच तयार केले.

शनिवारी बबनराव आले तेव्हा सगळीकडे नेट चालू होतं.

"झालं की!"

"अजून न्हाई." तिने सहाही कॉम्प्युटरवर चालू असलेल्याच्याही पुढचं कर्नेल उतरवलं होतं. "मनिषा, मेन स्विच पाड."

"अगं, चालतंय ते कावून बंद करायली?"

"लाईट जाणारच हाय, काका. आज तुमच्यासमोर जाऊ द्या."

पडदे काळे झाले. पंखा फिरत फिरत थांबला. मग मनिषाने स्विच वर केला. एकेक करून पाच कॉम्प्युटरवर नेट लागलं. सहाव्यावर नाही.

"ह्यो बघ, हुकला."

"बांधणीला लागणाऱ्या फायली ह्याच्यावर मी हातानं एकदाच घातल्या. दर कर्नेलबरोबर येतील असं केलंच न्हाई. माझी चूक." बोलता बोलता ती खुर्चीत बसलीही होती. जुन्या कर्नेलवर जाऊन तिने फायली आणल्या, पुढच्या वेळची सोय केली, ड्रायव्हर बांधला. तोवर बाकीच्या पाचांवर पोरी अर्ज भरायला बसल्या होत्या. मग तिने उठून स्वतःच मेन स्विच पाडला.

"ताई! अर्ज अर्धा भरलता!" पोरी ओरडल्या.

"परत भरा."

या वेळी सहाही लागले. रुद्राणीचा हात पुन्हा स्विचकडे गेला तसे बबनराव पुढे आले. "बास गं बाई, पटलं मला." त्यांनी मोबाईल काढून आपल्या सालगड्याला फोन लावला. "सटवा, पोती गोठ्यात टाक. न्हाई बे, खोली रिकामी न्हाई."