रेनाटेबाईंचा लाकडी चमचा

रेनाटेबाई पहिल्या तासाला वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं, लॅपटॉपही नव्हता. एक लाकडी चमचा होता. स्वयंपाकघरातला, लांब दांड्याचा, पाठ झिजून काळी आणि गुळगुळीत झालेली. तो टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "हे माझं छपाईचं यंत्र. याला वीज लागत नाही आणि हे बिघडत नाही. झो. हात धुतले का सगळ्यांनी?"

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण आपण "तर" म्हणतो तसा त्या मध्ये मध्ये हा जर्मन "झो" टाकायच्या. एखादी गोष्ट संपली की "झो", सुरू करायची असली तरी "झो", आणि पुढे काय बोलावं ते कळेनासं झालं की नुसताच "झो". हा शेवटचा "झो" मी नंतर खूप ऐकला.

मला असं कुणाबद्दल लिहायची सवय नाही. मी सिंगापूरला शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बार्शीला आईची खानावळ आहे, आणि माझं सगळं लहानपण तिथे ताटं पुसण्यात गेलं. विद्यापीठात कलेचा एक विषय घ्यावाच लागतो, म्हणून जिथे जागा शिल्लक होती तिथे नाव घातलं. तो विषय निघाला लाकडावर चित्र कोरून कागदावर छापण्याचा. चित्रकला हे पोट भरलेल्यांचं काम, असं माझं मत होतं. अर्थात ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्गातली इतर मुलं त्यांना सरळ "रेनाटे" म्हणायची. माझी जीभ वळेना. मी "मॅडम" म्हणायचे आणि त्या मागे वळून बघायच्या, "कोण मॅडम? ती कधी आली?" शेवटी मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पुढे "बाई" लावतात. त्यांना ते आवडलं. तेव्हापासून त्या फोनवरसुद्धा "मी रेनाटेबाई बोलतेय" असं म्हणायच्या.

कोर्स संपला तरी मी दर शनिवारी टॅम्पिनीसहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून बुकित तिमाहला त्यांच्याकडे जात राहिले. त्यांचे पती नोकरीसाठी इथे आले आणि इथेच वारले. बाई मागे राहिल्या. घराच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी लाकडाच्या फळ्या, शाईचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले कागद असायचे. माझं कोरणं बघून त्या म्हणायच्या, "तू फळीशी भांडतेस. ती आधी झाड होती. कुठे जायचंय ते तिला ठाऊक आहे. तिला विचार." मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, फळीला काय विचारणार? पण हळूहळू पटाशी सरळ जायला लागली.

चमचा त्यांच्या आईचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत जर्मनीत त्यांच्या आईला कुणा परक्या देशातल्या अनोळखी माणसांनी खाण्याचा एक खोका पाठवला होता. "त्यांची नावं आईला कधीच कळली नाहीत," बाई सांगायच्या. "त्यामुळे आभार कुणाचे मानायचे, हा घोळ आमच्या घरात अजून मिटलेला नाही."

त्या घोळापायीच पुढचं सगळं झालं. जर्मनीतले त्यांचे जुने वर्गमित्र, सगळे सत्तरीचे, दर वर्षी प्रत्येकी एक चित्र कोरायचे, त्याच्या ठरावीक प्रती छापून विकायचे आणि आलेले पैसे जिथे उपासमार असेल तिथे पाठवायचे. यंदा सुदान ठरलं. बाईंना ते ठरवायला वेळच लागला नाही. इद्रिस नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका गावात होता. तिथल्या युद्धात गावाला वेढा पडला होता आणि इद्रिस शेजाऱ्यांना घेऊन सगळ्यांसाठी एक चूल चालवत होता. नेटवर्क मिळालं की तो बाईंना आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. एका शनिवारी त्यांनी मला तो ऐकवला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. आमच्या खानावळीत येतो अगदी तसाच. इद्रिस म्हणत होता, "आज पातेल्यात पाणी जास्त आहे. पण गरम आहे."

बाई उठल्या आणि थेट फळीवर पेन्सिलने चित्र काढायला बसल्या. एक मुलगा, मांडीवर वाडगा, हात तोंडाशी. आठवडाभर कोरून त्यांनी फळीला शाई लावली, वर कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासून पहिला कागद उचलला. चित्र इतकं जिवंत होतं की मी त्याचा फोटो आईला पाठवला.

आईचा लगेच फोन. "अगं, ते पोर डाव्या हातानं जेवतंय की!"

मी पुन्हा बघितलं. खरंच. लाकडावर जे कोराल ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून बाई नेहमी चित्र आधी कागदावर काढून, उलटं करून मगच फळीवर घ्यायच्या. या वेळी घाईत सरळच काढलं होतं. फळीवरचा उजवा हात कागदावर डावा झाला होता.

"आई, त्यांनी एवढं कोरलंय. आता कसं सांगू?"

"का? आपल्या खानावळीत कुणाच्या ताटात केस दिसला तर तू गप बसशील? तिकडं सुदानात पण उजव्याच हातानं जेवत असतील. सांग बाईस्नी."

मी दोन शनिवार गप्प राहिले. तिसऱ्या शनिवारी चाचरत सांगितलं. बाईंनी कागद उचलला, बराच वेळ पाहिला. मग स्वतःचा उजवा हात तोंडाशी नेला. मग डावा. "झो," त्या म्हणाल्या, आणि फळी भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

त्या संध्याकाळी जर्मनीतल्या मित्रांशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होते. डीटर नावाचे एक दाढीवाले आजोबा जर्मनमध्ये तावातावाने बोलत होते. नंतर बाईंनी सांगितलं, "तो म्हणतो, चित्रात डावा-उजवा कोण बघतं? मी म्हटलं, जेवणारा बघतो."

त्यांनी नवी फळी घेतली. बोटं सुजायची, हात थरथरायला लागला होता, तरी पहिल्यापासून सगळं पुन्हा कोरलं. पार्श्वभूमी मी कोरली. त्याच दिवसांत इद्रिसच्या गावाकडे जाणारा शेवटचा रस्ता बंद झाला. आम्ही जुनीच फळी छापली असती म्हणून रस्ता उघडा राहिला असता असं नाही. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. तरी आम्ही दोघी ते एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगायचो.

सगळ्या प्रती विकल्या गेल्या. पैसे मदत करणाऱ्या संस्थेकडे गेले, त्यांनी धान्य घेतलं, ट्रक भरले. मग संस्थेकडून कळलं की ट्रक उभे आहेत, पुढे जाऊ देत नाहीत. पुढच्या आठवड्यात विचारलं, तरी ट्रक तिथेच उभे होते.

बाईंनी नव्या चित्राचा फोटो इद्रिसला पाठवला होता. बरेच दिवस काही नाही, आणि मग एकदम त्याचा आवाज आला. तो चक्क हसत होता. "मुलाने हात बरोबर धरलाय, रेनाटे. कुणी शिकवलं तुला?" मग म्हणाला, "मी रांगेतल्या मुलांना फोनवर दाखवलं. ती विचारताहेत, वाडग्यात काय आहे?"

बाईंनी वाडग्याच्या आत काहीच दाखवलं नव्हतं. आतलं लाकूड कोरून काढलं होतं, त्यामुळे कागदावर नुसता पांढरा गोल होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय आहे वाडग्यात? मी विचारच केला नव्हता. तुझी आई काय वाढते?"

"भात आणि आमटी," मी म्हणाले. "मसुराची."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि हळू, स्पष्ट आवाजात सांगितलं, "इद्रिस, मुलांना सांग, भात आहे. वर मसुराची आमटी. गरम." निरोप गेला. खाली एकच टिक उमटली; दुसरी, पोचल्याची, आली नाही.

मी टॅम्पिनीसला ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते त्या पाटणकर काकांनी एक प्रत घेऊन हॉलमध्ये लावली होती. ते बँकेत आहेत. एकदा म्हणाले, "अगं, आमच्या ऑफिसात अजून तिघं-चौघं मागतायत. तुझ्या बाईंना सांग, छापा अजून थोड्या. कोण बघायला येतंय? आणि चांगल्याच कामाला जाणार की!"

मलाही ते पटलं होतं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक प्रतीखाली मी लिहिलंय की इतक्याच छापणार. पेन्सिलने लिहिलंय, पण खोडण्यासाठी नाही." मग पुढे म्हणाल्या, "मला तर वाटतं रोज एक छापावी. पण छापून काय करू? अजून ट्रक भरून त्या ट्रकांमागे उभे करू? झो."



मग त्यांच्या मुलीने त्यांना जर्मनीला परत न्यायचं ठरवलं. हाताची थरथर वाढली होती, एकटीने राहणं जमेना. जायच्या आधी एक काम उरलं होतं. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की फळीवर आडवी रेघ कोरून ती कायमची रद्द करायची, म्हणजे पुढे कुणी तिच्यावरून छापू शकत नाही. हा या कामातला जुना रिवाज. बाईंनी पटाशी माझ्या हातात दिली.

"मी?"

"माझी रेघ वाकडी जाईल. मग लोक म्हणतील, म्हातारीला सोडवत नव्हतं."

"कुठून काढू?"

"लपणार नाही अशी."

चेहऱ्यावरून माझ्याने काढवेना. वाडग्यावरूनही नाही. राहिला हात, जो आम्ही दोघींनी एवढ्या खटाटोपाने उजवा केला होता. मी पटाशी लावली. लाकूड कधी नव्हे इतकं सहज कापलं गेलं. मग शेवटचा कागद ठेवला. फळी रद्द झाल्याचा पुरावा म्हणून अशी एक प्रत काढतात. बाईंनी चमचा धरला, वरून मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही घासत राहिलो. त्यांची थरथर माझ्या हातापर्यंत येत होती. कागद उचलला तेव्हा मुलगा तसाच होता, वाडगा तसाच होता, आणि हात तोंडाशी पोचण्याआधी मध्ये एक पांढरी रेघ होती.

"भूक संपली म्हणून नाही काढली ही," त्या म्हणाल्या. "हे लक्षात ठेव. शब्द दिला होता म्हणून काढली."

विमानतळावर त्यांनी मला तो चमचा दिला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "माझ्या हातात आता तो नुसता वाजतो." मुलगी व्हीलचेअर पुढे घेऊन गेली. बाईंना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्यांनी पाठमोरीच हात वर केला.

ती रेघेची प्रत माझ्या खोलीत टेबलाच्या वर भिंतीला लावली आहे. खाली चमचा आहे. आई व्हिडिओवर दिसली की खानावळीतल्या गडबडीतही विचारते, "त्या माणसाचं काय कळलं का गं? त्या पोरांचं?" मी नाही म्हणते. ती "बरं" म्हणते आणि कुणाला तरी भात वाढायला वळते.

मी रेनाटेबाईंना दर शनिवारी मेसेज करते. त्यांना टाइप करायला फार वेळ लागतो, म्हणून उत्तर छोटं येतं. मागच्या शनिवारी आलं, या शनिवारीही तेच आलं: "आमटी अजून पोचली नाही. एकच टिक."