माहेर कुठलं गं बाई?

त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. खोटं कशाला सांगू? नाशिक रोडच्या आमच्या घरात रोज सकाळी दिवा लावायची, हळदकुंकू वाहायची, पण तोंडातून चकार शब्द काढायची नाही. नवऱ्याशी भांडल्यावर आपण जेवायला तर वाढतो, पण गप्प राहून, अगदी तसं. वणीची सप्तशृंगी ही माझ्या माहेरचीही कुलदेवी आणि सासरचीही. लहानपणापासून तिला आई म्हणत आले. आणि या आईच्या डोळ्यांदेखत माझा थोरला भाऊ चार पावलं चालून धापा टाकत होता.

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागांतलं. दादा म्हणजे सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. पण दम लागतो म्हटल्यावर गावानं ठरवून टाकलं, चोरून विड्या ओढत असणार. पुढे रक्ताच्या तपासणीत यकृतही बिघडलेलं निघालं, मग तर काय, दारूही चिकटवली त्याला! दोन वेळा क्षयाच्या गोळ्या झाल्या. त्यांनी खोकला गेला नाही, उलट कावीळ मात्र झाली. दादा कुणाला उत्तर द्यायचा नाही. मी द्यायचे. माहेरी गेले की पारावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं द्यायचे.

पण माझा जीव खरा अडकला होता तो दादाच्या लेकीत, वैशूत. जन्मली तेव्हाच तिची कावीळ महिनोन् महिने उतरली नव्हती. सातवीत गेली आणि डोळे पुन्हा पिवळे, पोट फुगलेलं. आणि वैशू म्हणजे नुसती भाची नव्हती हो. तिच्या बारशाला पाळण्यात खण ठेवून मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “ही माझी सून.” माझ्या मुलासाठी मामाची मुलगी, यात विचारायचं काय? तिच्यासाठी एक हिरवी साडीही घेऊन ट्रंकेत ठेवली होती. आता त्या पोरीकडे बघून मनात यायचं, ही दादाच्याच वाटेनं चालली की काय.

नाशकातल्या एका डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा शंका आली की बापाची छाती आणि लेकीचं यकृत, दोन्हींचं मूळ एकच असेल. यकृतात एक प्रथिन तयार होतं, ते रक्तातून जाऊन फुप्फुसाची राखण करतं. काही घराण्यांत ते बिघडलेलं बनतं, यकृतातच अडकून पडतं, मग यकृतही खराब होतं आणि फुप्फुसही उघडं पडतं. आजाराचं नाव अल्फा-वन अँटिट्रिप्सिनची कमतरता. ते उच्चारायला शिकता शिकता माझी जीभ दमली. दोघांच्याही रक्तात ते प्रथिन कमी निघालं, पण या आजारात जनुकात दिसणारे नेहमीचे बदल तपासले तर एकही सापडेना. बाई चिकट. त्यांनी अख्खं जनुक वाचायला नमुने बाहेर पाठवले. तिथून कळलं की दोघांतही एक बदल आहे, पण तो इतका दुर्मिळ की कुठे नोंदच नाही. तो निरुपद्रवी आहे की हाच चोर, ते घरातल्या बाकीच्यांचं रक्त पाहिल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. आणि ते कळेपर्यंत कुणी दादाला पुन्हा क्षयाच्या गोळ्या द्या म्हणत होतं, कुणी वैशूला गावठी औषध पाजा म्हणत होतं.

बाईंनी दादाला आणखी एक विचारलं होतं, “तुमचं लग्न नात्यात झालंय का?” दादा चक्क दुखावला. “नात्यात कसं होईल बाई? एका कुळात लग्न करतात का कुठं? रीतसर सोयऱ्यांतली केली.” तो खोटं बोलला नाही. आमच्यात नातं म्हणजे भाऊबंद. मामाची मुलगी म्हणजे सोयरी, ती नात्यातली कशी? बाईंनी ‘नाही’ लिहून घेतलं.

दरवर्षी थंडी सरताना माझ्या माहेरचे सगळे भाऊबंद वणीच्या गडावर नैवेद्याला जमतात. दादानं बाईंना तिथंच बोलावलं, “कुळातली सगळी माणसं एका जागी मिळतील.” आणि बाई खरंच बर्फाची पेटी घेऊन आल्या. चुलते, चुलत भाऊ बाह्या सरसावून रांगेत बसले. आजोबांच्या भावांची ती सगळी पोरंनातवंडं. आमच्या वडिलांना सख्खा भाऊ नव्हता आणि वडील तर कधीच गेले होते. आम्ही बायका धर्मशाळेच्या मागे चुलीवर पुरण शिजवत होतो. आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कुळ म्हणजे पुरुषच की!

एवढ्यात एक म्हातारी आली. सुरगाण्याकडची असावी, अंगात विटलेलं लुगडं, हातात काठी. पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. पाणी पिऊन ती तिथंच टेकली आणि बायका जे विचारतात तेच तिनं विचारलं.

“माहेर कुठलं गं बाई तुझं?”

आईनं सिन्नरकडच्या गावाचं नाव सांगितलं.

“आन् सूनबाईचं?”

“तेच. भावाचीच लेक केलीय.”

“आन् तुझ्या सासूचं?”

“त्याच घरातल्या होत्या त्या. माझी सख्खी आत्या.”

म्हातारी बोळकं पसरून हसली. “म्हंजी घर यांचं, आन् रगत समदं तुमच्या माहेरचं! मंग त्या बाप्यांचे हात कशापायी टोचत्यात?”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आजी, आई, वहिनी, तिघी एकाच घरातून आलेल्या. आणि त्याच रीतीनं चौथी, आमची वैशू, मी माझ्या घरी नेणार होते. अगं बाई! मी तशीच पुरणाच्या हातानं धावत बाईंकडे गेले. त्या पेटी बंद करत होत्या. मी सांगितलं तशी त्यांनी पेटी पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, “ताई, हे मला आधी का नाही सांगितलं कुणी?” “तुम्ही नातं विचारलंत,” मी म्हणाले. “माहेर विचारलं नाहीत.”

मग आम्ही बायका बसलो. आधी आई, मग वहिनी, मग मी. आईनं पदर सावरून असा हात पुढे केला की आजही आठवलं की माझी मान ताठ होते. परत आले तर म्हातारी निघून गेली होती. मी पायऱ्यांपर्यंत शोधून आले. ती कोण होती, मला माहीत नाही आणि मी काही दावाही करत नाही. पण त्या दुपारी मी देवीशी पुन्हा बोलले. खूप बोलले.

भाऊबंदांत तो बदल कुणातच निघाला नाही. आई, वहिनी आणि मी, तिघींत तो एकेरी निघाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलेला, आणि तिघींचं प्रथिन थोडं कमी. दादा आणि वैशूला तो आई आणि बाप, दोन्हीकडून आलेला; आमच्या वडिलांना तो आजीनंच दिला असणार. चोर सापडला. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या, गावठी औषधं बंद, फुप्फुसं जपायला घरातली धुराची चूल गेली, दादानं बागेत फवारणीला जाणं सोडलं. आजार गेला नाही, पण पुढचा ऱ्हास मंदावला. वैशूचं पोट उतरलं, शाळा सुरू झाली. गावातल्या पारावर मात्र मी मुद्दाम थांबून सांगितलं, “माझ्या भावानं आयुष्यात थेंब घेतला नाही. रक्तानं साक्ष दिलीय.”

माझ्या मुलाचं रक्तही तपासलं. त्याच्यातही माझ्याकडचा बदल होता. बाईंनी पुढचं काही बोलायच्या आत मला कळलं, या दोघांचं लग्न झालं तर त्यांच्या पोरांतही हाच आजार उतरायचा. पुढच्या नैवेद्याला आईनं सगळ्या भाऊबंदांसमोर देवीकडे हात जोडून सांगितलं, “आजपासून आमच्यात भाचीची सून होणार नाही.” मी खाली मान घालून रडले. बारा-तेरा वर्षं मनात सून म्हणून वाढवलेली पोर होती ती माझी. पण रडता रडताच मनाला समजलं, देवीनं ज्या उत्तरानं वैशूला माझ्या घरी द्यायचं नाकारलं होतं, त्याच उत्तरानं ती जगात राहणार होती. मागितलेलं हातातून सुटू देणं ही मला आजवर कधी न जमलेली भक्ती होती.

वैशू शिकली, शिक्षिका झाली. स्थळ आलं तेव्हा दादानं काही लपवलं नाही, आणि पोरगी तर त्याच्याही पुढची. पाहुण्यांना चहा देऊन स्वतः म्हणाली, “आमच्यात हा आजार आहे. पत्रिका नंतर बघू, आधी मुलाचं रक्त तपासा.” पाहुणे दचकले, पण मुलगा मुकाट्यानं तपासून आला. त्याच्यात काही निघालं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. अभिमानानं ऊर भरून येणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

लग्नानंतर नवं जोडपं गडावर आलं. वैशू मध्ये मध्ये टेकत, पण स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून वर आली. दादा खालीच, पहिल्या पायरीशी बसून वर बघत होता. तिच्या अंगावर माझी ट्रंकेतली हिरवी साडी होती. मी देवीसमोर तिची ओटी भरली. शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, “सून लय छान मिळाली हो तुम्हाला.”

“सून नाही,” मी म्हणाले. “माहेरची लेक आहे माझी.”